लानोचं डुक्कर आणि चव्वेचाळीसची काडतुसं

फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार टेक्सासमधल्या लानोला काढला. ऑस्टिनहून दीडेक तास. ग्रॅनाइटचे खडक, मेस्किटची काटेरी झाडं, जागोजागी निवडुंग. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांचं रान आहे, आणि रानडुकरांनी ते नांगरल्यासारखं उकरून ठेवलंय. ‘‘रायफल घरी ठेव, रिव्हॉल्व्हर आण,’’ म्हातारबांनी बजावलं होतं.

माझी रुगर सुपर ब्लॅकहॉक, साडेसात इंची नळी, .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाची. काडतुसं घेताना मात्र गाढवपणा केला. धक्का कमी बसतो म्हणून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), पोकळ टोकाची हलकी गोळी उचलली. शिवाय वेग जास्त, म्हणजे चांगलीच असणार!

संध्याकाळी फीडरमधून मका सांडला आणि पाच मिनिटांत कळप हजर. तीस यार्डांवर एक थोराड नर आडवा उभा राहिला. बार काढला. डुक्कर कोलमडलं, उठलं आणि झुडपात पसार. टॉर्च घेऊन दोन तास थेंब थेंब रक्ताचा माग काढला तेव्हा ओढ्यात सापडलं, तेही जिवंत. दुसरी गोळी घालावी लागली. सोलताना पहिली गोळी हाताला लागली. नराच्या खांद्यावर जाड, चिवट ढाल असते, तिच्यातच ती फुलून शर्टाच्या बटणासारखी चपटी झाली होती. फुप्फुसाला जेमतेम एक तुकडा लागलेला. त्या जनावराचे ते दोन तास माझ्या खात्यावर.

रायफलच्या गोळीइतका वेग हँडगनला नसतो, त्यामुळे सगळी भिस्त भोकावर. ते आरपार गेलं पाहिजे. हलकी गोळी लवकर फुलते आणि अडते. रविवारी म्हातारबांनी त्यांची ३०० ग्रेनची काडतुसं दिली: शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ओतलेली कडक गोळी, टोक सपाट, वजन साडेएकोणीस ग्रॅम. दुसऱ्या नराचे दोन्ही खांदे फोडून ती पलीकडच्या चिखलात घुसली. दहा पावलांत खेळ खलास. (म्हणूनच जनावरामागे काय आहे ते आधी बघा.) हरणाला एवढं लागत नाही, २४० ग्रेनची मऊ टोकाची पुरते. काही राज्यांत मोठ्या जनावराला फुलणारीच गोळी लागते आणि कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिसंच चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. तेव्हा आधी त्या राज्याचं नियमपुस्तक, मग दुकान.

डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, नेम तसा धरा.

जड काडतुसांची एक खोड आहे. धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. घरून निघण्याआधी पाच झाडा आणि सहाव्याची लांबी मोजा. सरावाला .४४ स्पेशल हे कमी जोराचं काडतूस त्याच बंदुकीत चालतं, हाताला आणि खिशाला बरं. कानांवर संरक्षण हवंच. सोलताना हातमोजे घाला, डुकराच्या रक्तामांसातून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची भीती असते. रस्सा झकास होतो, पण मटण नीट शिजू द्या.

आता आपल्या लोकांसाठी. २०१९ पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला परवाना लागत नाही. म्हणून कुणी काढतही नाही. पण एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगायलाही केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि शिकारीचा चालू परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. थोडे पैसे जातील, पण परवाना काढा आणि खिशात ठेवा.

आणि रानात नेलेली बॅग भारतात नेऊ नका. विमानतळावर एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली चौकशी मागे लागते. घरी आल्यावर मी माझी बॅग उलटी करून झटकली, तर अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतून एक जिवंत काडतूस फरशीवर पडलं. १८० ग्रेनचंच. एप्रिलमध्ये तीच बॅग घेऊन पुण्याला जायचं ठरलं होतं.