टॅबमधल्या जुन्या खिडक्या

शनिवार, रात्री उशिरा

झोपायचं सोडून आज पुन्हा व्ही८६ उघडून बसले. ब्राउझरच्या टॅबमध्ये चालणारा हा आख्खा पीसी. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरसाठीचा कोड तो चालता चालता वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला झटपट चालवता येईल अशा कोडमध्ये, बदलून घेतो. त्यामुळे डिस्कवर वेगळं पार्टिशन नको, पेनड्राइव्ह नको. टॅब बंद केला की विषय संपला. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने २०११ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये पीसी लिहून त्यावर लिनक्स चालवलं होतं, तेव्हा मला ती नुसती कसरत वाटली होती. आता जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम अशा टॅबमध्ये उघडून बघणं हाच माझा टाइमपास.

आधी विंडोज १.०१ लावलं, १९८५ चं. यात एका खिडकीवर दुसरी चढत नाही. तळाशी घड्याळाचं आयकॉन होतं, ते ओढून वर आणलं तर आधीची खिडकी निमूटपणे आक्रसली आणि शेजारी जागा करून दिली. माझा हात मात्र खिडकी धरून दुसरीवर सरकवायलाच जात होता. ती मुभा १९८७ मध्ये, विंडोज २.० पासून मिळाली. मग रिव्हर्सी खेळले. हरले. असो.

इन्फिनिट मॅक या जुने मॅक ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या साइटवर सिस्टिम ७ (मॅकची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) लावली, तर मेनूच उघडेना. म्हणजे उघडायचा, पण बोट उचललं की गायब. बटण दाबून धरूनच खाली उतरायचं आणि हव्या त्या ओळीवर सोडायचं! क्लिक केल्यावर मेनू उघडा राहतो हे मी गृहीतच धरून चालले होते, तेही मॅक ओएस ८ मध्ये कुणीतरी ठरवून केलेलं. फ्लॉपी बाहेर काढायला तिचं चित्र कचराकुंडीत टाकायचं, हे ज्याला सुचलं त्याला मात्र दंडवत. माझा तरी हात धजावला नसता.

कोलिब्रीओएस ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिमही पाहिली. एका १.४४ एमबी फ्लॉपीत मावते, खेळांसकट. आमच्या सोसायटीची नोटीस पीडीएफमध्ये येते, ती याहून जड असते.

शेवटी विंडोज २०००, खरं तर ‘मंगल’साठी. सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. त्याआधीच्या डीटीपी फॉन्टात केलेलं मराठी दुसऱ्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल ऑप्शन्स, तिथल्या यादीत ‘इंडिक’, समोर रिकामा चौकोन. म्हणजे मराठी होती, पण मागितल्याशिवाय मिळणार नव्हती. चौकोनात टिक केली, ओके दाबलं, तर म्हणे विंडोज २००० ची सीडी घाला.

व्ही८६ मध्ये सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे आख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, लावता येते. प्रश्न सीडीचा आहे. काकांच्या माळ्यावर असायची शक्यता आहे, उद्या फोन करते.