गार्डन व्ह्यू

मुंबईत घर दाखवायला आलेला एजंट आधी कार्पेट एरिया सांगतो, मग पाणी किती वाजता येतं ते, आणि सगळ्यात शेवटी पडदा सरकवून म्हणतो, "गार्डन व्ह्यू आहे, मॅडम." या वाक्याचे पैसे वेगळे. खाली बाग म्हणावी असं बहुतेकदा काही नसतंच, शेजारच्या आवारातला एक आंबा आणि दोन अशोक. तरी लोक पैसे मोजतात, आणि मला त्यात काही वेडेपणा वाटत नाही.

रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाचा एक छोटासा निबंध १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जुन्या नोंदी त्याने तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, तेव्हा त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे इस्पितळ आलंच नाही, आमच्या गल्लीतल्या खिडक्या आल्या. इथे कितीतरी घरांच्या खिडकीत समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप असतात, आणि तिथली माणसं चार दिवसांत डिस्चार्ज घेऊन जाणारी नसतात.

आमचं नशीब जरा बरं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बदाम आहे, तोच देशी, ज्याची फळं पोरं दगडाने फोडून खातात. एरवी झाड काही देखणं नाही. पण पानगळीच्या आधी एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि चक्क लालभडक पान शेजारी शेजारी बसलेलं असतं. वीतभर लांबीचं ते जाड पान पडलं की खालच्या पत्र्यावर थाड् आवाज होतो. रात्री वटवाघळं येतात, सकाळी गाड्यांच्या टपांवर अर्धवट कुरतडलेली फळं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी तिकडे बघत असते. बघते कसली, नजर नुसती टेकलेली असते.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं मला इथे पटतं. हिशेब, रहदारी, फोन यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि देऊन देऊन माणूस शिणतो. झाडापाण्याकडे ते आपसूक जातं, आणि तेवढ्या वेळात शिणलेल्या लक्षाला विसावा मिळतो. भाईंदर-नायगावच्या मधे खाडी आली की लोकलमधल्या दोन-चार माना मोबाइलवरून वर होतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र हाच बदाम आरोपी. गाड्या घाण होतात, गटारं तुंबतात, खारी घरात शिरतात. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, म्हणून बरं. तरी पावसाळ्याआधी रीतसर छाटणी होतेच. गेल्या खेपेला ती जरा जास्तच झाली. छाटणीचा आग्रह धरणारे तळमजल्यावरचे काका तिसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाले, "अहो, समोरचे लोक थेट घरात दिसतात की!" मी "हो ना" एवढंच म्हटलं.

आता रिडेव्हलपमेंटचं वारं आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात बाग आहे, पण ती पार्किंगच्या डोक्यावर, पोडियमवर. तिथे माती ती कितीशी? हिरवळ येईल, पाम येतील. पामाची सावली विजेच्या खांबाएवढी. बदाम मोठा व्हायला खाली जमीन लागते, आणि ती पार्किंगला दिलेली.

ज्यांना झाड नाही त्यांनी ग्रिलमध्ये शेती केलेली असते. तुळस, कोरफड, मनीप्लांट, श्रीखंडाच्या डब्यात ओवा. मीही करते, बदाम असूनही. तिथलं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकतं, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. सध्या तह झालाय. पाणी रात्री दहानंतर घालायचं, आणि त्यांना भज्यांपुरती ओव्याची पानं पोचवायची. त्या मागतात मात्र नेहमी भज्यांपुरतीच्या दुप्पट.