आमची वाटचाल : केसांच्या रोलरपासून स्टीलच्या फीडरपर्यंत

दादा आणि मी दोघंही शाळेत असल्यापासून खडकावर बसून गरी टाकणारे. तेव्हा चारा म्हणजे काय तर कुटलेली तारली मुठीने पाण्यात फेकायची, एवढंच आम्हाला ठाऊक. फेकलेला चारा ओहोटीच्या पाण्याबरोबर कुठच्या कुठे जायचा, त्याच्यामागे मासेही जायचे आणि आमची गरी तिथल्या तिथे. तळ्यात मासे धरणारे लोक एक भोकाभोकांचं नळकांडं वापरतात, त्यात चारा दाबून भरतात आणि ते दोरीला गळाच्या जवळच बांधलेलं असतं, त्याला स्विमफीडर म्हणतात, हे आम्ही एकाकडे बघितलं आणि त्याच रात्री वहिनीकडून तिचे केसांचे जुने प्लॅस्टिकचे रोलर मागून घेतले. आतून शिशाची पट्टी वळवून बसवली, वर स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी, लावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर.

पहिला पाण्याच्या ओढीने लोळत जाऊन खडकाच्या फटीत अडकला. दुसरा पाण्यावर आपटूनच तडकला. तिसरा दोन मिनिटांत रिकामा होऊन वर आला, म्हणून परत भरून टाकला, परत रिकामा, परत भरला, आणि मग त्याच्यापासून हातभर लांब असलेल्या गळाला चांगली मनगटाएवढी वाम लागली. धंदा तिथे सुरू झाला असं मी म्हणेन, कारण त्या दिवसापासून आमच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

सुरुवातीचा माल म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे, ड्रिलने पाडलेली भोकं आणि साच्यात ओतलेलं शिसं. दोन्ही तोंडं उघडी असलेला एक प्रकार, झाकणाचा बंद एक प्रकार, बस. ओळखीच्या लोकांनी घेतले, त्यांनी पुढे सांगितलं, शेडमध्ये एक टेबल होतं त्याची तीन टेबलं झाली. मग लोक विचारायला लागले की आत भरायला काय देता, तेव्हा आम्ही वासाची बाटली काढली. बांगड्याचं आणि तारलीचं तेल, त्यात अजून थोडा वासाचा अर्क, झाकण उघडलं की शेडभर वास. आणि ती बाटली खपली बरं का, फीडरपेक्षा जास्त खपली. लोक झाकण उघडून हुंगायचे, मान मागे घ्यायचे आणि म्हणायचे द्या दोन.

पुढच्या सीझनला तक्रारी आल्या. बांगड्यावाले खूश होते पण तळातले मासे धरणारे सगळे नाराज. एक काका आमचे अगदी पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक, ते अर्धी बाटली परत घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाळा, याचा वास माझ्या घरापर्यंत येतो, माशापर्यंत जातो का ते एकदा बघ." पैसे परत देऊ केले तर घेतले नाहीत.

मग आम्ही काचेची टाकी आणली, तीन फुटी. लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलं कारण समुद्राच्या पाण्यात साधारण तेवढंच असतं, एका टोकाला छोटा पंप लावून पाण्याला ओढ दिली आणि तळाला फीडर ठेवला. आधी आमचंच तेल. काचेला नाक लावून आम्ही तिघं बघतोय, भोकांतून तेलाचे बारीक मणी बाहेर आले आणि सरळ वर, एकही मणी तळाला राहिला नाही, दहा मिनिटांत वरती तवंग. मासा तळाला आणि आमचा वास छपराला! दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनीने म्हाकूल आणि कोळंबीची डोकी वाटून गाळलेला रस घेतला, त्यात जरा जास्त मीठ आणि दिसावा म्हणून लाल रंग घातला आणि तो कोंड्यात मुरवून फीडरमध्ये भरला. हा रस फीडरमधून हळू बाहेर पडला आणि तळालगत आडवा वाहत गेला, वारा पडलेला असताना चुलीचा धूर जमिनीलगत पसरतो ना अगदी तसा. टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकच लाल पट्टा. मला तो पट्टा अजून जसाच्या तसा दिसतो.

वहिनीचं शिक्षण केमिस्ट्रीचं, तेव्हापासून अर्काचं सगळं काम तिच्याकडे. तिने आम्हाला समजावलं ते असं की माशाला वास म्हणजे पाण्यात विरघळलेली गोष्ट. बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला नाकाची दोन भोकं असतात, एकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं, आत वास ओळखणाऱ्या घड्या असतात, श्वासाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांना ओढून आणतात ती मुख्यतः अमिनो आम्लं, ग्लायसिन, अॅलनिन वगैरे, आणि बीटेन, आणि हे सगळं खेकडा, कोळंबी, म्हाकूल यांच्या मांसात भरपूर असतं आणि पाण्यात पटकन विरघळतं. आपल्याला जो सडक्या मासळीचा उग्र दर्प येतो तो बराचसा ट्रायमेथिलअमाइनचा, तो हवेत उडतो म्हणून आपल्या नाकाला लागतो. तो उग्र आहे म्हणून मासा त्यावर तुटून पडेल असं काही नाही. शिंगाळ्याची तर अजून वेगळी गोष्ट, त्याच्या मिशांवरच नाही तर अंगभर चव ओळखणाऱ्या गाठी असतात, तो पाण्यात फिरताना चाखतच फिरतो.

आता खरी पंचाईत धंद्याची झाली. ग्लायसिनला वास जवळजवळ नाहीच, बीटेनलाही म्हणावा असा नाही. नवीन बाटली गिऱ्हाईक उघडायचं, हुंगायचं आणि म्हणायचं याला तर काहीच वास नाही, जुनीच द्या ना. एक पूर्ण सीझन आमची विक्री खाली गेली. दादाचं म्हणणं होतं की थोडा उग्र वास टाकू, गिऱ्हाइकासाठी, माशाला काय फरक पडतो. मी आणि वहिनी तयार नव्हतो, त्यावरून घरात बरेच दिवस धुसफूस चालली. शेवटी आम्ही टाकी टेबलाच्या पुढेच मांडली, लाल रंग घालून लोकांना दाखवायला लागलो की हे बघा तेल कुठे जातं आणि हे कुठे जातं. ज्याने बघितलं त्याला पुन्हा समजवावं लागलं नाही. तेलाची बाटली आम्ही बंद केली नाही हेही सांगतो, बांगड्यासारख्या वरच्या पाण्यातल्या माशांना तरंगणाऱ्या बोयाखाली किंवा होडीच्या बाजूला जाळीची पिशवी टांगून तेल चांगलंच चालतं, फक्त लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, वरच्या पाण्यासाठी. थंड पाण्यात ते घट्ट होतं हेही लिहिलं.

2010 मध्ये मुशीच्या जातीतल्या एका छोट्या शार्कवर झालेलं संशोधन दादाच्या वाचनात आलं, आणि मला वाटतं तिथे तो मनापासून आमच्या बाजूला आला. त्यात असं दिसलं की ज्या नाकपुडीला वास आधी पोचतो त्या बाजूला शार्क वळतो, दुसऱ्या बाजूचा वास जास्त तीव्र असला तरी. म्हणजे नुसता वास जास्त ओतून उपयोग नाही, त्याला वासाचा माग लागला पाहिजे आणि तो माग तुटता कामा नये. ते वाचल्यापासून फीडर बघायची आमची नजरच बदलली. भोकं किती मोठी, जाळी किती बारीक, कोंडा किती ओला, किती दाबून भरायचा, सगळ्याला एकच माप, पट्टा तुटतो का. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त असते तेव्हा बंद तोंडाचा, बारीक भोकांचा, भांगाच्या दिवसांत पाणी मंद तेव्हा उघड्या जाळीचा. वाटलेलं आमिष नुसतं भरण्यापेक्षा गोठवून वडीसारखं भरलं तर ते वितळत वितळत बराच वेळ टिकतं. आणि लोळणारा फीडर कुचकामी, कारण तो फिरला की माग फिरला, म्हणून वाळूत रुतणाऱ्या तारा असलेलं वजन आम्ही सगळ्या मोठ्या मॉडेलना दिलं. गळ आपोआप पाण्याच्या दिशेने फीडरच्या खालच्या अंगाला जातो, म्हणजे वासाच्या पट्ट्यातच पडतो, त्याची दोरी साधारण 60 सेंटीमीटर ठेवा असं आम्ही सांगतो. पहिल्या अर्ध्या तासात तीन-चार वेळा भरून त्याच जागी टाका, जागा बदललीत तर आधीचं सगळं वाया गेलं.

प्लॅस्टिक तडकायचं आणि तुटलं की समुद्रातच राहायचं, ते मनाला खात होतं, म्हणून स्टीलच्या जाळीकडे वळलो. तिथे मोठा फटका बसला. 316 ग्रेड, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील, म्हणून घेतलेल्या जाळीचे फीडर दोन महिन्यांत गंजाच्या टिपक्यांनी भरले, लोकांचे फोटोवर फोटो. त्या पुरवठादाराने 304 ग्रेडची, म्हणजे साध्या स्टेनलेसची जाळी दिली होती. दिसायला दोन्ही सारख्या, चुंबकानेही फरक कळत नाही, पण 316 मध्ये साधारण 2 टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्यामुळेच तिला लवकर भोकं पाडत नाही. पूर्ण लॉट बदलून दिला, कामगारांचे पगार दिले, आम्ही तिघांनी चार महिने घरात काही नेलं नाही. तेव्हापासून प्रत्येक गुंडाळीचा तुकडा कापून मॉलिब्डेनम ओळखणारं टेस्टचं औषध लावल्याशिवाय जाळी आत येत नाही, पुरवठादार कोणीही असो.

पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए पिशव्याही करून बघितल्या. दमट हवेत पाकिटातच चिकटून गोळा झाला आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा हळू विरघळतात म्हणून लोकांची गणितं चुकायला लागली, ते बंद केलं.

वजन मात्र आता मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीच्या तुकड्याने बांधून देतो, अडकलं तर फक्त वजन तुटतं, फीडर आणि मासा दोन्ही वर येतात. नवीन माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच बांधायला शिकवतो, विकत काही घेवो न घेवो. आणि जिथे खेकडे फार आहेत तिथे फीडर लावू नका असंही सांगतो, कारण तुम्ही त्यांनाच बोलावता आणि मासा यायच्या आत गळ साफ. काही ठिकाणी पाण्यात चारा सोडायला बंदी असते, ते आधी विचारून घ्या.

काका अजून येतात. सध्या त्यांना ओहोटी संपून पाणी थांबतं त्या वेळेसाठी बोय मासा धरायला छोटा फीडर हवाय, ब्रेडचा चुरा भरायचा, तरंगणाऱ्या बोयाखाली टांगायचा, इतका हलका की पडताना आवाज होऊ नये, कारण बोय मासा भारी सावध. सहावा नमुना काल टाकीत टाकला. काका स्टूल ओढून काचेसमोर बसले, हातात घड्याळ. चुरा चार मिनिटांत संपला, त्यांना दहा हवीत. "भोकं अजून मोठी आहेत," म्हणाले आणि गुरुवारी परत येतो सांगून गेले, वहिनी सातव्याला बारीक ड्रिल लावते आहे.