टेफ्लॉनखालची चीर

सेकंडहँड फोर बाय फोर घेतलेला माणूस आमच्या गॅरेजला येतो ना, तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये फोटो तयार असतात. मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच, वर लाईट बार, आणि हे सगळं करायला हातात पन्नास-साठ हजार. गाडीखाली मात्र कुणी वाकून बघितलेलं नसतं. मला या गाड्या मनापासून आवडतात, जिप्सी तर सगळ्यात जास्त, आणि म्हणूनच मे महिन्यात आलेली एक गाडी अजून डोक्यातून जात नाहीये, ती सांगतो.

आमचं गॅरेज कराडला. गाडी आली पाटण तालुक्यातनं, मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, १२९८ सीसी, ८० बीएचपीवाली. जिप्सी १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, १३०० चं किंग १९९६ ला आलं आणि एमपीएफआय २००० मध्ये, पण खालचा सांगाडा शेवटपर्यंत तोच राहिला, शिडीसारखी चासी, चारी बाजूला स्प्रिंगचे पाटे, पुढं-मागं सरळ अ‍ॅक्सल. एक टनाच्या आसपासची हलकी गाडी, चिखलात जिथं जड गाड्या बसतात तिथनं ही निघून जाते. आणि साधी आहे, पाना फिरवता येणारा माणूस ती आख्खी खोलून परत जोडू शकतो.

मालकीण जनावरांच्या डॉक्टर. कोयनेच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आणि धनगरवाडे आहेत तिथं त्यांचं काम. पावसाळ्यात तिकडचे रस्ते म्हणजे रस्ते नसतातच, ओढे असतात, आणि म्हैस अडली, वासरू आडवं आलं की रात्री दोनला पण फोन येतो. आत्तापर्यंत त्या टू-व्हीलरवर जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायच्या आणि पुढं बॅग पाठीला लावून चालत. म्हणून साठवलेल्या पैशातनं ही गाडी एका हौशी माणसाकडून घेतली, आणि कामासाठी ७५ हजार बाजूला ठेवले होते. त्याच्यावर एक रुपया नाही हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

"दादा, नवे मोठे टायर, पुढं लाईट, आणि स्टिअरिंग जरा थरथरतंय तेवढं बघा. पावसाच्या आत झालं पाहिजे."

दिसायला गाडी फार सुंदर होती. दोन इंच उचललेली, २३५/७५ चे मड टायर, खालनं काळंकुळीत नवं टेफ्लॉन, म्हणजे गंज लागू नये म्हणून मारतात तो लेप, मारलेलं, स्टिअरिंगची थरथर दाबणारा नवा डॅम्पर. आधीच्या मालकानं थरथर थांबावी म्हणून दोन गॅरेज केली होती म्हणे, एकानं डॅम्पर घातला, दुसऱ्यानं टाय रॉड एंड बदलले आणि व्हील बॅलन्सिंग केलं. बिलं फाईलीत लावून ठेवलेली.

मी म्हटलं आधी चालवून बघू. हायवेला घेतली, मॅडम शेजारी बसल्या. पन्नासपर्यंत ठीक होती, साठला काटा आला आणि कोयनेच्या पुलावरचा जॉइंट लागला, आणि जे झालं ते थरथरणं नव्हतंच. आख्खं पुढचं अंग डावी-उजवी डावी-उजवी आपटायला लागलं, स्टिअरिंग हातातनं सुटायला बघतंय, डॅशबोर्ड वाजतोय, मागनं ट्रक. ब्रेक दाबून चालत नाही अशा वेळी, अ‍ॅक्सिलरेटर सोडून दोन्ही हातानं धरून हळूहळू वेग मरू द्यायचा, तीसच्या खाली आली तेव्हा शांत झाली. मॅडम म्हणाल्या, असं अधूनमधून होतं, मला वाटलं जिप्सीचं असंच असतं. त्या वाक्यानं मला फार वाईट वाटलं, कारण माणसं हेच मानून वर्षानुवर्षं चालवतात. जिप्सीचं असं नसतं. धड असलेली जिप्सी ऐंशीला सरळ जाते.

आणि त्यात एक गोष्ट अशी, की काटा साठ दाखवत होता तेव्हा गाडी साठला नव्हतीच. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर उंचीला ६६८ मिलिमीटरच्या आसपास, आणि २३५/७५ आहे साधारण ७३३. म्हणजे दहा टक्के मोठा. काटा साठ तर गाडी सहासष्ट. गिअरिंग पण तेवढंच लांब झालं, त्यामुळं चढाला दम कमी, आणि ब्रेकला तेवढं जास्त ओझं. मोठ्या टायरचे फोटो सगळे बघतात पण हा हिशोब कुणी करत नाही.

गॅरेजला आणून पुढची बाजू जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ होता. सुरज म्हणून पोरगा आहे माझ्याकडं, त्याला सांगितलं ब्रेक दाबून धर. आता बघा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, कारण ब्रेकनं हब आणि नकल (हब ज्याच्यावर बसतं आणि जो चाकाबरोबर वळतो तो भाग) एकत्र धरले जातात, पण तरी हलत असेल तर दोष त्याच्या आत, किंगपिनला, म्हणजे नकल ज्याच्यावर वळतो त्या खिळीला. ब्रेक दाबूनही हलत होतं, दोन्ही बाजूला. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपया लागत नाही. डॅम्पर घालणाऱ्यानं एवढं केलं असतं तर.

नकल खोलला. कॅलिपर तारेनं वर बांधला (पाइपवर लटकत ठेवायचा नाही, कुणी कितीही घाईत असो), हब काढला, स्पिंडल काढलं, शाफ्ट ओढला, आणि आतनं ग्रीस यायच्या जागी काळा पातळ गाळ वाहिला. अ‍ॅक्सलमधलं आतलं सील गेलं की डिफचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल नकलमध्ये येतं आणि ग्रीस धुऊन काढतं. खालचं किंगपिन बेअरिंग काढून कप पुसला तर त्याच्यात रोलरचे खड्डे पडलेले, बोटाला लागत होते. गाडी जास्त वेळ सरळच चालते ना, मग रोलर त्याच त्याच जागेवर मार खातात आणि तिथंच घरं करतात. मग नकलला आवळून धरणारं काही उरत नाही, आणि एक धक्का बसला की चाकं डोलायला सुरू. त्यात लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) घालून गाडी उचललेली, त्यानं पुढचा अ‍ॅक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, म्हणजे चाकाला सरळ यायची जी ओढ असते तीच कमी. त्यात जड टायर. तिन्ही गोष्टी एकाच गाडीत.

पुढच्या डिफचं ऑइल सोडलं तर चहासारखं. ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलला हवा घ्यायचं भोक, चिखलानं बुजलेला. गरम झालेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते, ब्रीदरमधनं हवा मिळाली नाही तर सीलमधनं पाणी ओढून घेते. ज्या गाडीला जन्मभर ओढेच ओलांडायचेत तिचा ब्रीदर बंद.

इथपर्यंत सगळं नेहमीचंच होतं खरं तर. पण माझं मन त्या टेफ्लॉनवर अडकलं होतं. आख्खी गाडी खालनं एकसारखी काळी, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जागेला जरा जास्तच जाड थर. एवढे दिवस पुढचं अंग असं आपटत असेल तर तो सगळा मार शेवटी जातो कुठं, तर स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांवर आणि त्याच्या मागच्या चासीच्या पत्र्यावर. मी सुरजला म्हटलं स्टिअरिंग धरून थोडं थोडं डावी-उजवी कर, आणि बॉक्सवर हात ठेवला. बॉक्स हलत होता. बोल्ट घट्ट होते, पान्याला फिरले नाहीत, आणि तरी बॉक्स हलत होता. म्हणजे मागची चासीच लवत होती.

खरवडलं. टेफ्लॉन निघालं, त्याखाली थोडी पुटी निघाली, वायर ब्रशनं चकचकीत केलं तर बोल्टच्या भोकापासनं केसासारखी रेघ खाली गेलेली. रेघ आहे का ओरखडा आहे डोळ्यानं नक्की सांगता येईना. आमचा एक मित्र साखर कारखान्यांच्या बॉयलरची वेल्डिंग करतो, त्याला फोन केला, तो डीपीचे, म्हणजे चीर शोधायच्या रंगाचे, डबे घेऊन आला. लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर आत गेलेला लाल रंग वर येतो. आम्ही सगळे वाकून बघत होतो, मॅडम पण, आणि पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटली, बोल्टच्या भोकापासनं चारेक सेंटीमीटर, आणि शेजारच्या भोकाला दुसरी, छोटी. दोन्ही चिरा एकमेकीकडं निघालेल्या.

त्या जोडल्या गेल्या असत्या तर बॉक्स चासीसकट सुटला असता. चाकाला स्टिअरिंगच राहिलं नसतं. कुंभार्लीसारख्या घाटात नाहीतर वरच्या वाडीच्या उतारावर हे झालं असतं तर, मी तिथं ते बोलून दाखवलं नाही, पण मॅडमना कळलं होतं. त्यांनी बराच वेळ त्या रेघेकडं बघितलं आणि विचारलं, हे ७५ हजारात बसतंय का.

मला राग आला होता तो चिरेचा नाही, लोखंडाला चीर जाते. त्याच्यावर पुटी लावून टेफ्लॉन मारणाऱ्याचा आला. त्यानं ती चीर बघितली होती. बघितल्याशिवाय पुटी लागत नाही.

मग खाली बसून यादी केली. मी सरळ सांगितलं, मॅडम लिफ्ट काढू, टायर छोटे करू, लाईट बार नको, आणि जे पैसे आहेत ते सगळे डोळ्याला न दिसणाऱ्या जागी घालू. त्यांच्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं पण भरत आलेली, फिटनेसला आरटीओपुढं उभी करायची होती, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितल्यापासनं उचललेल्या गाडीला पासिंगला त्रास होतो. त्या एवढंच म्हणाल्या, दादा मला पोचायचंय, फोटो नाही काढायचे. असं गिऱ्हाईक मिळालं की काम करायला हुरूप येतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडली, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढला. चिरेच्या टोकाला बारीक ड्रिल मारलं, म्हणजे ती पुढं पळत नाही, मग ग्राइंडरनं व्ही करून आतपर्यंत भरलं आणि वरनं प्लेट. प्लेट चासीच्या जाडीचीच, लय जाड घातली की प्लेट टिकते आणि तिच्या कडेला चासी फाटते. कोपरे गोल, आणि चासीला आडवी सरळ वेल्डिंगची रेघ कुठंच नाही. बोल्टच्या भोकांना आतनं नळीचे तुकडे, म्हणजे बोल्ट आवळला तरी चासी दबत नाही. मित्रानं गार झाल्यावर परत डीपी मारून दाखवली, स्वच्छ.

नकलला दोन्ही बाजूची नवी बेअरिंग, सील, फेल्ट. इथं एक सांगतो, नवं बेअरिंग टाकून बोल्ट आवळले म्हणजे काम झालं नाही. बाहेरचं मोठं सील न लावता नकलच्या आर्मला, जिथं टाय रॉड बसतो तिथं, मासे तोलायच्या स्प्रिंग काट्यासारखा काटा लावून ओढायचं, नकल साधारण १ ते १.८ किलोला सुटला पाहिजे. कमी असेल तर शिम (किंगपिनखालची पातळ चकती) काढायची, जास्त असेल तर घालायची. डाव्या बाजूला तीन-चारदा खोलावं लागलं, पण मी ते सोडत नाही, कारण थरथर जाणार का नाही ते इथंच ठरतं.

कंपनीचे शॅकल जुन्या बाजारात मिळाले, बुश नवे. लिफ्टनं ब्रेकचे रबरी पाइप ताणले जाऊन कातरलेले, ते बदलले. टायरचं म्हणाल तर आधीच्या मड टायरच्या भिंतीवर १८१४ छापलेलं, म्हणजे २०१४ च्या अठराव्या आठवड्यातले, खाचा भरपूर पण रबर दगड झालेलं. त्याजागी २१५/७५ आर १५ चे ऑल टेरेन घेतले, बोलेरोच्या मापाचे, कुठल्याही तालुक्याला मिळतात, पाटणला पंक्चर होऊन फाटला तरी दुसऱ्या दिवशी नवा बसतो. मुळापेक्षा पाच टक्के मोठे, तेवढं इंजिन सहज ओढतं. ब्रीदरला साधी रबरी नळी जोडून पुढची बॉनेटखाली वर नेली आणि मागची बॉडीच्या आतनं वर, या कामाला हजार रुपये पण लागले नाहीत आणि ओढ्यातल्या गाडीला याच्यापेक्षा मोठं अपग्रेड मला माहीत नाही.

सगळं धरून ६८ हजारात बसलं, त्यातले टायरचेच सत्तावीस. उरलेल्यात एक चांगला टोइंग पट्टा, तो अडकवायला दोन डी आकाराच्या कड्या, आणि पुढच्या हुकाचे बोल्ट हाय टेन्साइल. मित्रानं वेल्डिंगची मजुरी घेतली नाही. त्याच्या गावाकडच्या गोठ्यात याच डॉक्टर येतात, हे त्या दिवशी बोलता बोलता निघालं.

संध्याकाळी तोच पूल, तोच जॉइंट. साठ, सत्तर, ऐंशी. स्टिअरिंग मॅडमच्या हातात होतं, मी शेजारी. जॉइंटवर धप्प आवाज आला आणि गाडी सरळ पुढं गेली. मॅडमनी पुढच्या वळणावरनं गाडी फिरवून परत पुलावर घेतली, आणि परत.

जाताना पुढची चाकं फोर व्हीलला जोडणारे हब लॉक कधी करायचे ते दाखवलं, डांबरीवर फोर व्हीलमध्ये चालवायची नाही हे बजावलं, कारण हिला मधलं डिफरन्शियल नाही, कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण जॉइंटवर येतो. पाचशे किलोमीटरला नकलचे आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट परत तपासायला बोलावलं, त्या आल्या.

गाडी परत आली ऑगस्टच्या शेवटी, खालनं बोनटपर्यंत लाल चिखल. आधी डिफचं ऑइल सोडलं, दोन्हीकडचं, एक थेंब पाणी नाही. वेल्ड पुसून बघितलं, डीपी मारली, कुठं काही नाही. मागच्या डाव्या ड्रमचा व्हील सिलिंडर मात्र पाझरायला लागलाय, लायनरवर ब्रेक ऑइल उतरलेलं. दोन्ही बाजूचे सिलिंडर आणि लायनर मागवलेत, येत्या रविवारी करून देतोय, कारण सोमवारी त्यांना लसीकरणाला वर जायचंय.