लेकराच्या हाती कंपाउंड देण्याआधी पाउंडेज उतरवा

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीत विश्वविजेते झाले. पुढे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा घ्यायचं ठरलं. आता जालना, परभणी, लातूरकडच्या लेकरांनाही पहिल्या दिवसापासून चाकांचंच धनुष्य हवं असतं. हौस चांगली आहे. पण घरात येतं ते बहुधा कुणीतरी वापरून सोडलेलं ५० पाउंडाचं धनुष्य, आणि ते दहा वर्षांच्या पोराच्या हातात जसंच्या तसं जातं. मोठ्यांच्या जागतिक स्पर्धांतसुद्धा कंपाउंडला कमाल मर्यादा ६० पाउंडांचीच आहे, हे आधी ध्यानात घ्या.

धनुष्य ओढायला लागणारा भार पाउंडात मोजतात, तेच त्याचं पाउंडेज. पाउंड म्हणजे नेमकं किती? २० पाउंड म्हणजे जवळपास ९ किलो. आडातून ९ लिटरची बादली शेंदावी तेवढा भार, पण आडावर दोन्ही हात आणि अंगाचं वजन कामी येतं. इथं तेवढा भार पाठीच्या एका बाजूनं, खांदा खाली ठेवून, सरळ मागं ओढायचा असतो. आठ ते दहा वर्षांच्या नवख्या लेकराला साधारण १० ते १५ पाउंड पुरे होतात, अकरा ते तेराला १५ ते २५. वयापेक्षा अंगकाठी बघा.

जुनं धनुष्य घेण्याआधी लिंबवरचं, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावरचं, लेबल वाचा. मोठ्यांच्या बऱ्याच कंपाउंडचं पाउंडेज वरच्या आकड्यापासून फक्त १० पाउंडांनी उतरतं. ५० ते ६० असं लिहिलं असेल तर ते सुरक्षितपणे ५० च्या खाली जाणार नाही. लेकरांसाठी जेनेसिससारखं १० ते २० पाउंडांचं धनुष्य घ्या, नाहीतर डायमंड इन्फिनिट एज प्रोसारखं ५ ते ७० पाउंडांपर्यंत फिरणारं. जेनेसिसला लेट-ऑफ नाही, म्हणजे पूर्ण ओढल्यावरही भार हलका होत नाही. इतर बहुतेक कंपाउंडमध्ये साधारण ६५ ते ९० टक्के भार कॅम, म्हणजे टोकाची चाकं, उचलून धरतात. ४० पाउंडाच्या धनुष्याला ७५ टक्के लेट-ऑफ असेल तर ओढून धरताना हातावर १० पाउंडच राहतात. फसवणूक इथंच होते. धरलेलं बघून बाप म्हणतो, "झेपतंय की!" पण मधला चढ चढताना त्याच पोराला पूर्ण ४० पाउंड ओढावे लागलेले असतात.

भार बदलणाऱ्या बोल्टला हात लावण्याआधी ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते, बसवा. विहिरीचा दोर मोजताना धरतात तशी लेकराची वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, इंचात मोजा आणि अडीचने भागा. वाव ५२ इंच असेल तर ड्रॉ लेंथ साधारण २१ इंच. कॅमवरचं मॉड्यूल त्या आकड्याला लावा. क्रम असाच ठेवा, कारण पुष्कळ धनुष्यांमध्ये ड्रॉ लेंथ कमी केली की पाउंडेजही आपोआप उतरतं. आधी पाउंडेज लावून मग लांबी बदलली तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. लांबी जास्त राहिली तर लेकरू कमरेतून मागं कलतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की भारच जास्त झाला.

आता मोजमाप. लेबलवर विसंबू नका. बॅगा तोलायचा डिजिटल काटा चालतो, फक्त सर्वात जास्त आलेला आकडा पडद्यावर थांबवून ठेवणारा घ्या. काटा पक्क्या अँगलला टांगा, त्याच्या हुकात डी-लूप, म्हणजे दोरीवर बाण लावायच्या जागी बांधलेला छोटा फास, अडकवा आणि धनुष्य मुठीत धरून सावकाश खाली ओढा. सर्वात जड जागा ओलांडली की आकडा मिळाला. तितक्याच सावकाश वर सोडा. हुक निसटला तर धनुष्य बाणाविना सुटतं. ती सगळी ताकद लिंब आणि कॅमवर येते, लिंब चिरते, दोरी उडते. म्हणून हे काम मोठ्यानंच करायचं, लेकराला लांब उभं करून. किलोतल्या आकड्याला २.२ ने गुणलं की पाउंड.

दोन लिंब जिथं मधल्या दांड्याला बसतात, तिथं वर एक आणि खाली एक लिंब बोल्ट असतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की भार वाढतो, उलट फिरवला की उतरतो. काही धनुष्यांत बाजूला एक बारीक लॉक स्क्रू असतो, तो आधी सैल करा. तो विसरला की बोल्ट अडतो, माणूस जोर लावतो आणि आटे जातात. ॲलन कीसुद्धा बरोबर मापाची हवी. अमेरिकन धनुष्यांना बऱ्याचदा इंचातली लागते. पाव इंचाच्या खाचेत ६ मिलिमीटरची की जाते, बसल्यासारखीही वाटते, पण जोर लावला की खाचेचे कोपरे गोल होतात आणि मग तो बोल्ट कुणालाच निघत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात मैदानावरची माती पिठासारखी उडते आणि खाचेच्या तळाशी घट्ट बसते. जुन्या टूथब्रशनं आणि काडीनं ती आधी काढा, की तळापर्यंत गेलीच पाहिजे.

दोन्ही बोल्ट आधी हलक्या हातानं शेवटपर्यंत आवळा, म्हणजे मोजायला दोन्हीकडची सुरुवात एक होते. तिथं बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर समोरासमोर नेलपॉलिशचे ठिपके द्या. मग वरचा एक फेरा सैल, खालचा एक फेरा सैल, पुन्हा वरचा, असं आळीपाळीनं. एका फेऱ्याला साधारण २ ते ३ पाउंड उतरतात. समजा पूर्ण आवळल्यावर ४० भरले आणि एकेक फेऱ्यानंतर ३७.५, तर या धनुष्याचा हिशोब अडीचचा. किती फेऱ्यांपर्यंत सोडायचं हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, आणि तो आकडा माहीत नसेल तर बोल्ट सोडायलाच घेऊ नका. मर्यादेपलीकडे गेलं की आट्यांची पकड उरत नाही, ताणलेलं लिंब खोबणीतून सुटतं आणि समोरच्याच्या तोंडावर येतं. फेरे कमीजास्त झाले तर डी-लूपची उंची हलते आणि बाण वर-खाली सुटतो. शेवटी लॉक स्क्रू घट्ट करा, काट्यावर पुन्हा तोला. कापसाचा बोळा दोन्ही लिंबांवरून फिरवा. तंतू अडकले तर तिथं चीर आहे, ते धनुष्य वापरू नका.

आता लेकरू. स्टूलवर बसवा, पाय जमिनीला न टेकता. समोर पाच पावलांवर बारदान्यात चिंध्या ठासून केलेलं लक्ष्य ठेवा, बाण लावा, रिलीजच्या, म्हणजे दोरी धरून सोडायच्या खटक्याच्या, ट्रिगरमागं बोट. धनुष्य लक्ष्याच्या उंचीलाच धरून सरळ ओढायला सांगा. धनुष्य आभाळाकडे गेलं, खांदा कानाला भिडला, पाठ वळली, तर आणखी एक फेरा सैल. ओढून दहा सेकंद धरता आलं की खरी परीक्षा: बाण न सोडता दोरी परत जागेवर आणणं. ही परीक्षा जवळजवळ कुणीच घेत नाही, आणि आम्हाला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. लेट-ऑफ संपतो त्या क्षणी पूर्ण भार एकदम परत येतो, दोरी पुढं झेप घेते. भार जास्त असेल तर कोपर सरळ खेचलं जातं, पोर पुढं जातं आणि घाबरून ट्रिगर दाबतं. हे उतरवणं सलग पाच वेळा शांतपणे जमलं तर भार बरोबर.

पाउंडेज उतरलं की बाण खाली लागतात, म्हणून साइटची, म्हणजे नेम धरायच्या साधनाची, पिनही खाली घ्या. बाण रेस्टच्या, म्हणजे तो टेकतो त्या आधाराच्या, पुढं इंच-दोन इंच उरलाच पाहिजे. तोकडा बाण रेस्टवरून घसरला तर तो हातातच घुसतो. बाणाचं वजन धनुष्याच्या दर पाउंडाला निदान ५ ग्रेन हवं. ४० पाउंडाला २०० ग्रेन, म्हणजे जवळपास १३ ग्रॅम. सोनाराकडच्या काट्यावर एक बाण तोलून आणा.

एप्रिल-मेमध्ये धनुष्य पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेनं दोरी आणि केबल ताणतात, कॅम जागेवरून सरकतात, लिंबचे थर उकलू शकतात. ठेवलंच गेलं असेल तर लेकराला देण्याआधी परत तोला.

भार वाढवताना दोन्हीकडं अर्धा-अर्धा फेरा, एवढंच. दर दोन-तीन महिन्यांनी वाव मोजा, स्टूलवरची परीक्षा घ्या, आणि तारीख, फेरे, काट्यावरचा आकडा वहीत लिहा.