नट दिवसातून चार वेळा, पाव फेराच

एक्स-रे उजेडावर धरला तर हाडाच्या फटीत मधोमध काळा पट्टा. तिथं एव्हाना नव्या हाडाच्या उभ्या, धूसर पांढऱ्या रेघा दिसू लागायला हव्या होत्या.

पेशंट ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. अपघातात नडगीच्या हाडाचा पाच सेंटिमीटर तुकडा गेलेला. आम्ही त्याच्या पायाला इलिझारोव्हची रिंग बसवली होती: पायाभोवती धातूची कडी, हाडातून आरपार तारा आणि सरकवायला नट. यात गुडघ्याखाली हाड कापतात, आठवडाभर थांबतात आणि मग कापलेला भाग रोज एक मिलिमीटर खाली सरकवत नेतात. मागे राहणाऱ्या फटीत नवं हाड धरतं. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत उभी केली. नटाचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, तोही एकदम नाही. चार वेळा पाव-पाव.

मोजपट्टी लावली. रोजचे फेरे आखून दिलेल्या कार्डाप्रमाणे फट जेवढी हवी, त्याच्या जवळपास दुप्पट भरली. तारांच्या मागची कातडी चिरत गेलेली, कडा लालभडक.

"नट किती फिरवतोस रे?"

तो आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धा-अर्धा फेरा, डॉक्टर. दिवाळीच्या आसपास कारखाना सुरू होतो. पाय लवकर जुळला तर हंगाम सापडेल."

रागवावंसं वाटलं नाही. घर त्याच्याच कमाईवर चालतं. पण पेशींना त्याची घाई कळत नव्हती, त्यांना कळत होता फक्त ताण. त्या फटीतल्या कोवळ्या पेशी कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना धरून असतात. त्यांच्या आवरणातली इंटेग्रिन नावाची प्रथिनं एका टोकाने बाहेरचा तंतू आणि दुसऱ्या टोकाने पेशीच्या आतला सांगाडा पकडतात. बाहेर ओढ बसली की ती आत पोचते. आवरणातल्या पिएझो-१ सारख्या वाहिन्या, म्हणजे पेशीची बारीक दारंच, ताणाने उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि केंद्रकातल्या जनुकांपर्यंत निरोप जातो. (पिएझो २०१०मध्ये सापडली, त्या कामासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं.) ओढ बेताची असेल तर तंतू तिच्या दिशेने रांगेत लागतात, सोबत रक्तवाहिन्या येतात आणि हाड बनतं. ओढ जास्त झाली की कोवळ्या रक्तवाहिन्या तुटतात, प्राणवायू पोचत नाही आणि हाडाऐवजी नुसता तंतूंचा गोळा उरतो. ओढ फार कमी पडली तर फट वेळेआधीच जुळून बसते, मग तुकडा पुढे सरकतच नाही.

त्याला एवढंच सांगितलं, "गुऱ्हाळावर पाकाची तार हळू ओढली तर निघते, हिसका दिला की तुटते. तुझ्या पायात आत्ता तेच चाललंय." हे त्याला चटकन पटलं.

ओढणं थांबवलं. तुकडा रोज थोडा-थोडा उलटा सरकवून फट दाबत आणली, आणि मग पुन्हा, आधीपेक्षा कमी वेगाने, उघडायला घेतली. कुबड्या घेऊन पायावर भार द्यायलाही लावला. चालताना हाडातल्या बारीक नळ्यांमधला द्रव हलतो आणि आतल्या पेशींना ते जाणवतं. कार्ड आईच्या हाती दिलं. हंगाम हुकणार हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो काही बोलला नाही.

पुढच्या एका एक्स-रेत रेघा उमटल्या. नखाने ओरखडे काढावेत तशा बारीक, दोन्ही टोकांकडून मधे येणाऱ्या. त्याला जवळ बोलावून दाखवल्या. बराच वेळ बघून तो म्हणाला, "एकदा फिरवण्यापेक्षा चारदा बरं, तर त्याहून जास्त वेळा फिरवलं तर अजून बरं का?"

प्रश्न अगदी नेमका होता. इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर हेच करून पाहिलं होतं. तोच एक मिलिमीटर, पण यंत्राने दिवसभरात साठ वाट्यांत विभागून. त्यात हाड जास्त चांगलं धरलं. हाताने साठदा पाना लावणं कुणाच्या घरी जमणार नाही, म्हणून चार, असं त्याला सांगितलं आणि पुढच्या महिन्याचं कार्ड आखून दिलं.