रेघ येते तेवढं पुरे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फोनवर बजावलं होतं, "छडी आणि स्नेहसंमेलन सोडून काहीतरी लिही." म्हणून चित्रकलेच्या बाईंपासून सुरुवात करतो. वाचणाऱ्याला वाटेल, मी चित्रकार झालो. तसं काही झालं नाही. आमची दहावी १९८६ची, आणि मी काढलेला कोंबडा वर्गात पपई म्हणून ओळखला जायचा.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत भूमितीचा पेपर होता म्हणून निभावलं. बाईंनी माझी स्मरणचित्रं बाजूला सारली आणि म्हणाल्या, "अरे, तुला रेघ येते. तेवढं पुरे." त्यांनी स्वतःची जुनी कंपासपेटी मला वापरायला दिली. त्यात रूलिंग पेन होतं, दोन पात्यांचं, मधल्या स्क्रूने रेघेची जाडी ठरवायचं. पात्यांमध्ये शाई थेंबाने भरायची. पट्टीला लावून ओढताना श्वास धरायचा. मध्ये थांबलात की तिथे शाईची गाठ पडलीच. परीक्षेनंतर पेटी परत करायला गेलो तर "राहू दे तुझ्याकडे" म्हणाल्या.

पुढे आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समन, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढणारा, झालो आणि मुंबईत एका कचेरीत ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिलो. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर. एकदा तीन दिवसांचं काम एका डागाने गेलं. ब्लेडने खरवडता खरवडता कागदालाच भोक पडलं. साहेब काही बोलले नाहीत, नवा कागद पुढे ठेवला. मग संगणक आला आणि रेघ ओढायचं कामच संपलं. गाठ नाही, डाग नाही. सुटलो म्हणायचं, दुसरं काय!

२०१६ साली आर्किटेक्चरला असलेल्या माझ्या मुलीने फोनवर काही चित्रं दाखवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर नावाची नवी जागा उघडली होती आणि तिथल्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत एक होतं चित्रकार नसरीन मोहम्मदी यांचं. कागदावर शाई आणि पेन्सिल. नुसत्या रेघा. मी म्हटलं, "ही चित्रं कसली? हे तर आमचं काम." ती म्हणाली, "बाबा, खाली वाचा." खाली लिहिलं होतं: जन्म कराची १९३७, मृत्यू किहीम १९९०.

किहीम! अलिबागजवळचं आपलं किहीम, सुरूच्या झाडांचं. मे महिन्यात गेल्या त्या. तेव्हा मी सुट्टीवर गावी आलेला असणार, चोंढी नाक्यावर एसटीची वाट बघत.

त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. आई लहानपणीच गेलेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, नंतर काही काळ पॅरिस. मधल्या काळात मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करत. तिथेच अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे होते, आणि अमूर्ताची वाट धरताना नसरीनबाईंना त्यांचा आधार मोठा होता. १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या कलाशाळेत शिकवलं. घरच्यांचं घर किहीमला, त्यामुळे समुद्र कधी सुटला नाही. त्यांनी फोटोही काढले: वाळू, लाटा, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी. हयात असेपर्यंत ते त्यांनी प्रदर्शनात मांडले नाहीत. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. आमच्याकडे नाव, तारीख, स्केल नसलेला ड्रॉइंगचा कागद कोणी हातात घेतला नसता.

आजूबाजूला बहुतेक जण माणसं, देव, गावं रंगवत असताना ही बाई बुटक्या टेबलापुढे जमिनीवर बसून, ड्राफ्ट्समनचीच साधनं घेऊन, वर्षानुवर्षं रेघा ओढत राहिली. आधी आडव्या-उभ्या जाळ्या, मग तिरक्या, शेवटी पांढऱ्या कागदावर तरंगणारे दोन-चार कंस. आणि हे करताना मज्जासंस्थेचा आजार हळूहळू त्यांचा हातापायांवरचा ताबा काढून घेत होता. हे वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवला. धडधाकट हाताने आठ तास रेघ सरळ ठेवणं काय असतं, ते मला माहीत आहे.

समीक्षक त्यांची तुलना अमेरिकेच्या चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिन यांच्याशी करतात. मला, एका ड्राफ्ट्समनला, ती फारशी पटत नाही. मार्टिनबाईंची पेन्सिल कॅन्व्हासवर जराशी थरथरते आणि ती थरथर त्या तशीच ठेवतात. नसरीनबाईंचा हात खरोखर थरथरत होता, आणि रेघेत त्याचा मागमूस नाही.

नंतर लग्नाच्या निमित्ताने दिल्लीला गेलो, तेव्हा साकेतच्या किरण नाडर संग्रहालयात त्यांची मूळ चित्रं पाहिली. पहारेकऱ्याने दोनदा मागे व्हायला सांगितलं, कारण मी नाक काचेला लावून गाठ शोधत होतो. रेघा जवळ जवळ येतात, मग विरळ होतात, एका जागी शाई फिकी होत होत पेन्सिल होते. ओहोटीला पाणी मागे सरतं तेव्हा आपल्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उमटतं तसं. पण हे मी म्हणतो, त्यांनी चित्राखाली समुद्र वगैरे काही लिहिलेलं नाही. गाठ एकही सापडली नाही.

आमच्या बाईंना हे सांगायचं राहून गेलं. नसरीनबाईंचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं की नाही, कोण जाणे.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला ती कंपासपेटी शाळेकडे दिली आहे. रूलिंग पेनचा स्क्रू घट्ट झालाय, जोर लावू नका. डिव्हायडरचं एक टोक वाकलेलं आहे, ते माझ्या हातून पडून. कोणी सरळ करायला जाऊ नये.